बंदिवासातील शिदोरी

मननासाठी शास्त्रपाठ : स्तोत्रसंहिता ११९ : ११, प्रेषितांची कृत्ये १६ : २५, इब्री लोकांस पत्र १३ : ३



लांबच्या वाटेस निघणारा मनुष्य घर सोडण्यापूर्वी फडक्यात भाकरी बांधून घेतो. वाटेत भूक लागली म्हणजे त्यास तेथे जाते मांडता येत नाही की चूल पेटविता येत नाही. घरी असताना जे बांधून घेतले असेल तेच तेथे सोडून खावयाचे असते. स्तोत्रकर्ता देवाचे वचन आपल्या अंतःकरणात साठवून ठेवल्याचे सांगतो, तेव्हा तो अशाच शिदोरीविषयी बोलत आहे असे आम्हांस वाटते. वचन कपाटात असणे निराळे आणि अंतःकरणात असणे निराळे. कपाटातले वचन मनुष्यापासून दूर करता येते. अंतःकरणातले वचन कोणास हिसकावून घेता येते काय, ह्याचा विचार आज आपण एका बंदिवानाच्या वृत्तांतावरून करू.

हा वृत्तांत लबानोन देशातला आहे. तो देश शास्त्र वाचणाऱ्यास परका नाही. शलमोन राजाने मंदिरासाठी गंधसरूची लाकडे तेथूनच आणविली. सोर व सीदोन ही नगरे तेथलीच. आणि आपल्या लेकीसाठी प्रभूच्या पाया पडून हट्ट धरणारी ती विदेशी माताही त्याच प्रांतातली. ह्या देशात १९७५ पासून १९९० पर्यंत आपसांतले युद्ध चालले. त्या काळात बैरूत शहरात काही सशस्त्र टोळ्यांनी परदेशी माणसांस धरून ओलीस ठेवण्याचा क्रम आरंभिला. ओलीस ठेवणे म्हणजे मनुष्यालाच गहाण टाकणे होय. शेत गहाण पडावे तसा जिवंत मनुष्य गहाण पडतो, आणि तो सोडविण्याची किल्ली त्याच्या स्वतःच्या हाती मुळीच नसते. त्याच युद्धात लबानोनातील हजारो रहिवासी, मुसलमान आणि ख्रिस्ती दोघेही, नाहीसे झाले, हेही आपण विसरू नये. म्हणून ही गोष्ट कोणत्या एका धर्माच्या लोकांविषयी द्वेष धरण्यासाठी आम्ही सांगत नाही.

इंग्लंडातील टेरी वेट हे कँटरबरीच्या आर्चबिशपांचे विशेष दूत होते. ते स्वतः दीक्षित पाळक नव्हते. एका खेड्यातील पोलिसाचे ते पुत्र. इराणात आणि लिबियात अडकलेल्या माणसांच्या सुटकेसाठी त्यांनी खटपट केली होती, आणि बैरूतातील ओलिसांसाठीही ते तेथे अनेकदा गेले. धोका आहे अशी सूचना त्यांस मिळाली होती. तरी ओलीस आजारी आहेत, त्यांस भेटू देऊ, असे वचन दिले गेल्यावरून ते पुन्हा गेले आणि २० जानेवारी १९८७ रोजी स्वतःच ओलीस झाले. त्यांची सुटका १८ नोव्हेंबर १९९१ रोजी झाली. एकंदर १,७६३ दिवस ते बंदिवासात होते, आणि त्यांपैकी सुमारे चार वर्षे अगदी एकाकी कोठडीत.

त्या कोठडीचे स्वरूप ध्यानात घ्या. हातापायास साखळी, आणि साखळी भिंतीस जखडलेली. निजणे जमिनीवर. खिडकीवर पत्रा, म्हणून सूर्याचा उजेड नाही. दिवसातून एकदा काही मिनिटे शौचास जाण्यापुरती साखळी सुटे. पहारेकरी आत आला की डोळ्यांवर पट्टी ओढून घ्यावी लागे, म्हणून माणसाचे तोंड दृष्टीस पडत नसे. बोलावयास कोणी नाही. कागद नाही, लेखणी नाही. पुढे कधी पुस्तक मिळाले तरी ते दुसऱ्याच्या मर्जीने. आरंभी तळपायांवर मारही बसला. एकदा तर तुझे पाच तास उरले आहेत असे त्यांस सांगण्यात आले, आणि वेळ भरल्यावर पिस्तूल डोक्यास लावले गेले. त्या घडीस त्यांनी प्रभूची प्रार्थना म्हटली. मग पिस्तूल काढून घेण्यात आले.

आता, अशा ठिकाणी मनुष्य कशावर जगतो?

पहिली गोष्ट : वेट ह्यांजपाशी लहानपणीची शिदोरी होती. मुलगा असताना ते चर्चमधील गायकमंडळात गात असत. उपासनापुस्तकातील प्रार्थना आठवड्यामागून आठवडा म्हणून म्हणून त्यांस तोंडपाठ झाल्या होत्या. कोणी म्हणेल, लहान मुलास त्यांचा अर्थ तो काय कळणार? अर्थ त्या वेळी थोडाच कळला असेल. परंतु पेरलेले बी पाऊस येईपर्यंत जमिनीत गप्प पडून असते, म्हणून ते मेले असे कोणी कुणबी म्हणत नाही.

पुढे त्यांनी स्वतःच सांगितलेली एक गोष्ट आम्हांस फार विचारणीय वाटते. बंदिवासाच्या पहिल्या काळात त्यांनी आपल्या मनच्या शब्दांनी प्रार्थना करण्याचे मुद्दाम टाळले. कारण काय? तर आपल्या मनात ह्या घडीस एकच गोष्ट येईल, ती म्हणजे ‘देवा, मला येथून काढ’. आणि तीच पुन्हा पुन्हा म्हणत राहिलो तर प्रार्थना म्हणजे केवळ आपल्याच व्याकुळतेचा प्रतिध्वनी होईल, असे त्यांस वाटले. म्हणून ते पाठ असलेल्या जुन्या प्रार्थनांकडे वळले. त्या शब्दांस घडण होती. ते शब्द त्यांच्या भीतीतून निघालेले नव्हते, म्हणूनच त्यांच्या भीतीस ते आवरू शकले.

आपल्या मंडळ्यांत हे सांगणे अवश्य आहे. मनापासून, आपल्या शब्दांनी प्रार्थना करावी असे आपण शिकतो, आणि ते योग्यच आहे. पण आजारीपणात, पुत्रशोकात, कर्जाच्या ओझ्याखाली असे दिवस येतात की आपले शब्द आटतात, अथवा नुसते कण्हणे उरते. त्या दिवशी ज्याच्यापाशी तेविसावे स्तोत्र आहे, प्रभूची प्रार्थना आहे, त्याच्या मुखात देवच शब्द घालतो. थकलेल्या माणसास काठीचा आधार असतो, तसा मुक्या झालेल्या मनास पाठ केलेल्या वचनाचा.

आणि ह्यात आम्ही नवे काय सांगतो? स्वतः प्रभू येशूकडे पाहा. अरण्यात सैतानाने तीनदा त्याची परीक्षा केली, तेव्हा त्याच्या हाती ग्रंथाची गुंडाळी नव्हती. तिन्ही उत्तरे त्याने अनुवादातील वचनांनीच दिली. वधस्तंभावर तर हात खिळलेले होते. तेथे तो देवाने आपणास का सोडले असे आक्रंदन करतो. ते शब्द बाविसाव्या स्तोत्राचे आहेत. शेवटी आपला आत्मा पित्याच्या हाती सोपवितो. ते शब्द एकतिसाव्या स्तोत्राचे आहेत. यहूदी घरात लहानपणापासून ऐकलेली स्तोत्रे मरणाच्या घडीस त्याच्या ओठांवर आली. फिलिप्पैच्या तुरुंगात पौल व सीला मध्यरात्री देवाची स्तोत्रे गात होते; आतील कोठडी, पाय खोड्यात, दिव्याचे नाव नाही. तेथे जे गाइले गेले ते पाठ असल्यावाचून कसे गाइले गेले असेल?

येथे एक खरी गोष्ट झाकून ठेवणे बरे नव्हे. वेट ह्यांनी असे सांगितले नाही की कोठडीत त्यांस नित्य देवाची समीपता जाणवत होती. उलट तशी विशेष जाणीव आपणास झाली नाही असे त्यांनी उघड म्हटले आहे. विश्वासाने दुःख कमी होत नाही. परंतु ते सोसावयास, त्याच्या समोर उभे राहावयास आणि शेवटी त्यातून काही चांगले घडवावयास विश्वास बळ देतो, असा त्यांच्या सांगण्याचा आशय आहे. बंधूंनो, पुष्कळ भाविक गुपचूप अशी समजूत करून घेतात की मला देव जवळ वाटत नाही, त्या अर्थी माझा विश्वास गेला. असे नाही. ज्या पुत्राने वधस्तंभावर सोडून दिल्याचे आक्रंदन केले, त्याने त्या आक्रंदनातही ‘माझ्या देवा’ अशीच हाक मारली. देव जवळ नाहीसा वाटणे ह्यासाठीही शास्त्रात शब्द ठेवले आहेत, ते अशासाठी की त्या अंधारातही आपण देवाशीच बोलावे.

ह्याच लबानोनात बेंजामिन वीअर नावाचे एक मिशनरी पाळक ओलीस होते. ज्या अमेरिकन प्रेस्बिटेरियन मंडळीने आपल्या कोल्हापूर व मिरज भागात मिशन चालविले, तिचेच हे सेवक. १९५३ पासून ते त्या देशात सेवा करीत होते. मे १९८४ मध्ये त्यांस रस्त्यावरून धरून नेण्यात आले आणि सप्टेंबर १९८५ मध्ये सोडण्यात आले. ह्यांपैकी एक वर्षाहून अधिक काळ ते एकटेच होते. कोठडीच्या छतातून विजेच्या उघड्या तारा लोंबत होत्या. त्या पाहून त्यांस आदामाकडे हात पुढे करणाऱ्या देवाचे प्रसिद्ध चित्र आठवले, आणि देवाचा हात आपल्याकडे पुढे झाला आहे असे त्यांनी मानले. खिडकीच्या झडपेच्या पट्ट्या पाहून इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रातील साक्षीदारांचा मेघ त्यांस आठवला. तारा त्याच, पट्ट्या त्याच. ज्याच्या मनात वचन नव्हते त्यास तेथे तारा आणि पट्ट्याच दिसल्या असत्या. पुढे त्यांस इतर ओलिसांबरोबर ठेवण्यात आले. त्यांत एक कॅथलिक धर्मगुरूही होते. त्या सर्वांनी मिळून नित्य उपासना चालविली आणि आपल्या त्या मंडळीस ‘बंद दाराची मंडळी’ असे नाव दिले.

दुसरी गोष्ट : एकाकी मनुष्यास दुसऱ्याची हाक पाहिजे. वेट आपल्या कोठडीच्या भिंतीवर बोटांनी ठोके देत असत. पुष्कळ दिवसांनी पलीकडून उत्तर आले. पलीकडे टेरी अँडरसन हे अमेरिकन बातमीदार आणि इतर ओलीस होते. अँडरसन हे मार्च १९८५ पासून डिसेंबर १९९१ पर्यंत बंदिवासात राहिले. त्यांची भाषा अशी : पहिल्या अक्षरास १ ठोका, दुसऱ्यास २. इंग्रजी वर्णमालेतील तेविसावे अक्षर हवे असेल तर २३ ठोके. एक वाक्य सांगावयास किती वेळ लागत असेल ह्याचा विचार करा. आपण मात्र शेजारच्या आळीतील विधवेची विचारपूस करावयास वेळ नाही असे म्हणतो.

त्या सबंध काळात वेट ह्यांच्या हाती बाहेरून एकच टपाल पोहोचले. ते म्हणजे एक पोस्टकार्ड. इंग्लंडातील बेडफर्ड येथील कोणा अनोळखी बाईने ते पाठविले होते. तुमची आठवण आहे, तुमच्यासाठी प्रार्थना चालू आहे, एवढाच त्याचा भावार्थ. कार्डावर चर्चच्या रंगीत काचेच्या खिडकीचे चित्र होते, आणि त्या चित्रात जॉन बन्यन तुरुंगात बसलेला दाखविला होता. हाच बन्यन १६६० पासून १६७२ पर्यंत बेडफर्डच्या तुरुंगात होता, कारण परवान्यावाचून उपदेश करणे त्याने सोडले नाही. त्याचा यात्रेकरूच्या प्रवासाचा ग्रंथ १६७८ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि १८४१ साली हरि केशवजी ह्यांनी तो ‘यात्रिकक्रमण’ ह्या नावाने मराठीत आणला. वेट ते चित्र पाहून मनात म्हणाले की बन्यनबोवा भाग्यवान : त्याला खिडकी आहे, टेबल आहे, शाई-लेखणी आहे, अंगावर स्वतःचे कपडे आहेत! अशा ठिकाणीही मनुष्य आपल्या दुःखाकडे पाहून किंचित हसू शकला, ही देवाची कृपाच होय. मग त्यांनी बन्यनासारखे लिहावयास घेतले. पण कागद नव्हता, म्हणून सबंध पुस्तक मनातच रचिले, आणि सुटकेनंतर ते कागदावर उतरले.

त्या बाईस आपले कार्ड पोहोचले की नाही हे इतके दिवस कळले नसेल. किती पत्रे वाटेतच नाहीशी झाली कोण जाणे. पण एक पोहोचले. बंधनात असलेल्यांबरोबर आपणही बंधनात आहोत असे समजून त्यांची आठवण करावी, अशी आज्ञा इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात आहे. ती एका अनोळखी बाईने एका कार्डाच्या मोलाने पाळली.

तिसरी गोष्ट : त्यांनी मनात कडूपणा शिरू दिला नाही. बंदिवासाच्या आरंभीच वेट ह्यांनी तीन निश्चय केले. मागच्या गोष्टींची हळहळ करीत बसावयाचे नाही. स्वतःची कीव करावयाची नाही. आणि मागील जीवनाच्या आठवणींत भावनावश होऊन वाहून जावयाचे नाही. आपण निर्दोष आहोत असा ह्याचा अर्थ नव्हे. आपल्या हातून चुका झाल्या हे ते कबूल करीत. पण झालेल्या गोष्टीस कुरतडत बसणे म्हणजे साखळीस आणखी एक कडी जोडणे होय. आपल्या शरीरावर ह्यांची सत्ता चालेल, मनही हे वाकवू पाहतील, पण आत्मा ह्यांच्या मालकीचा नाही, ह्या विचारास ते धरून राहिले. सुटकेनंतर २०१२ साली ते पुन्हा बैरूतास गेले आणि ज्या पक्षाशी त्यांस धरणाऱ्यांचा संबंध सांगितला जातो त्या हिज्बुल्ला पक्षाच्या माणसांस समेटाच्या हेतूने भेटले.

परंतु कोणी असे समजू नये की शिदोरी असली म्हणजे कोठडीचे दार खात्रीने उघडते. त्याच लबानोनात कित्येक ओलीस मारले गेले, आणि कित्येक आजाराने कोठडीतच मरण पावले. त्यांच्यासाठीही प्रार्थना झाल्या होत्या. हेरोदाच्या तुरुंगातून पेत्र सुटला, याकोब मात्र तरवारीने मारला गेला. आणि दोघेही प्रभूचेच होते. तेव्हा पाठ केलेले वचन हा कुलूप उघडण्याचा मंत्र नव्हे. जो मंत्र म्हणून वचनाकडे पाहील तो दार न उघडल्यास वचन टाकून देईल. वचन हे अन्न आहे. दार उघडो अथवा न उघडो, आत असलेल्या मनुष्यास ते जगविते. आणि मरणाच्या दारातून जावयाचे असेल तर तेथवरही ते त्याच्याबरोबर जाते.

आता, प्रिय मंडळीहो, ह्याचा आपणांशी काय संबंध? आपल्यापैकी कोणास बैरूतात नेऊन साखळीने बांधावयाचे नाही. पण एकाकीपणाच्या कोठड्या आपल्याकडेही आहेत. ज्या गावात एकच ख्रिस्ती घर आहे त्या घराची कोठडी आहे. ऊसतोडीच्या हंगामात जी कुटुंबे घराला कुलूप लावून महिनोगणती फडावर राहतात, ज्यांस रविवार कोणता हेही कळत नाही, त्यांची कोठडी आहे. ज्या आजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि आता वाचता येत नाही, तिची आहे. मुंबईच्या इस्पितळात खाटेवर पडून छताकडे पाहणाऱ्याची आहे. हल्ली पुष्कळांच्या खिशातील फोनात सबंध शास्त्र असते, आणि ही सोय चांगलीच आहे. परंतु फोनातील शास्त्र आणि अंतःकरणातील शास्त्र ह्यांत कपाट आणि शिदोरी ह्यांतले अंतर आहे.

पाठांतर ही परकी विद्या नव्हे. ती आपल्या मातीतली आहे. आपल्या आज्या-पणज्यांस अक्षर येत नव्हते, पण जात्यावर बसल्या की पहाट होईपर्यंत ओव्या संपत नसत. पंडिता रमाबाईंनी लहान वयात आपल्या मातोश्रीपाशी भागवताचे १८,००० श्लोक पाठ केले होते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गीते ज्या कित्येक वृद्ध बहिणी अजून पुस्तकावाचून म्हणतात, त्यांनी ती ऐकूनच घेतली आहेत. अशी श्रीमंती घरात असून आपली मुले रिकाम्या हातांनी वाटेस लागावी काय?

म्हणून उपदेशक बंधूंस आमची विनंती आहे. दर रविवारी मंडळीस एकच वचन द्या, फार देऊ नका. ते स्वतः पाठ करून या. जो वाचू शकत नाही त्यास आपल्या मागून तीनदा म्हणावयास सांगा, आणि पुढच्या रविवारी प्रथम त्यासच विचारा. म्हणजे वाचता न येणारे आपल्या मंडळीत मागे नाहीत हे सर्वांस कळेल. केवळ पोपटपंची होऊ नये म्हणून अर्थ सांगा. पण आज अर्थ पुरता कळला नाही म्हणून पाठांतर सोडू नका. आईबापांनी संध्याकाळी दिवा लागल्यावर प्रभूची प्रार्थना आणि एक स्तोत्र लेकरांकडून म्हणवून घ्यावे. फडावर निघालेल्या कुटुंबास तांदूळ-पिठाबरोबर चार वचने बांधून द्यावी. आणि ज्या घरी कोणी जात नाही तेथे जावे. जाता आले नाही तर निरोप पाठवावा, दोन ओळी लिहाव्या. भिंतीवरचा आपला ठोका पलीकडे कोणास ऐकू जाईल हे आपणांस ठाऊक नाही. तो देणे एवढेच आपले काम आहे.

दिवस आहे तोवर शिदोरी बांधून घेऊ या. आणि जो स्वतः धरला गेला, बांधला गेला, एकटा सोडला गेला, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा उठला, तो आपला प्रभू येशू ख्रिस्त जगातील सर्व बंदिवानांजवळ आणि त्यांची वाट पाहणाऱ्या घरांजवळ असो. आमेन.